सतरा नंबरचा शिक्का

"इथं उघडतं रे. मांजर्लीत उघडतं का?"

हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. बोलणाऱ्या काकू. त्याआधी त्यांची एक ठरलेली कृती असायची. पर्समधून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून रुमाल, रुमालातून काच तडकलेला मोबाइल. मग ऑफिसचं वायफाय बंद करायचं, चपला सरकवायच्या आणि जिन्यात जाऊन उभं राहायचं. उल्हासनगरातल्या आमच्या त्या जिन्यात सिग्नलची एकच काडी यायची. खाली जीन्सचा कारखाना होता, त्याच्या इस्त्रीची वाफ वर यायची. त्या वाफेत उभं राहून काकू आम्ही बनवलेली वेबसाइट उघडून बघायच्या, आणि स्क्रीनवर गोल फिरत राहिलं की तडक माझ्या खुर्चीमागे यायच्या.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल बघा. सगळे खूश असतात, चहा मागवलेला असतो, आणि तेवढ्यात हे माणूस एक साधा प्रश्न विचारतं आणि चहा कडू होतो.

काकू आमच्याकडे टेस्टर होत्या. त्याआधी बावीस वर्षं मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात त्या विजेची बटणं तपासायच्या. बटण दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि बरं वाटलं तर खोक्यावर शिक्का मारायचा: 'तपासले – १७'. सतरा हा त्यांचा नंबर. कारखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली, पण शिक्का काकूंनी घरी आणला. कुणी मागितलाच नाही, असं त्या म्हणायच्या. मला वाटतं, मागितला असता तरी दिला नसता.

तर वेबसाइटच्या कंपनीतही काकू शिक्का मारायच्या. पेज तपासून झालं की त्याचा प्रिंट काढायचा, उजव्या कोपऱ्यात शिक्का ठोकायचा आणि कागद फाइलला लावायचा. आमचे सेठ कपाळाला हात लावायचे. "ताई, वेबसाइट है. इसका कागज कौन निकालता है?"

"मी काढते ना सेठ. माझ्या नंबरखाली गेलेला माल आजवर परत आला नाय."

सेठांचा मूळ धंदा जीन्सचा. खालचा कारखानाही त्यांच्याच भावाचा. कपडा तोच, धागा तोच, शिलाई तीच; एका गठ्ठ्याला एक लेबल लागतं, दुसऱ्याला दुसरं, आणि दोन्ही गठ्ठे दोन वेगळ्या बाजारांत जातात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. लेबलाची पोल त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. पण कॉम्प्युटरच्या धंद्यात आल्यापासून त्यांना सगळं ओरिजिनल लागायचं.

आमची एक स्थानिक माहितीची साइट होती. पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, कुठला रस्ता खोदलाय, असल्या बातम्या. तिच्यात सेठांनी नवीन पान काढलं: उल्हास नदीची पातळी. बदलापूरच्या मांजर्लीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावला. तो नदीच्या पायऱ्यांचा फोटो काढणार, आम्ही तो पानावर दाखवणार. वर एका फर्निचरवाल्याची जाहिरात. पुराचं पान आणि सोफ्याची जाहिरात, ही जोडी कुणाला सुचली ते विचारू नका, ती मलाच सुचली होती.

काकू मांजर्लीत राहायच्या, तळमजल्यावर. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई दोन वर्षांपासून खाटेवर. दिवसभर शेजारच्या पाटीलबाई लक्ष ठेवायच्या. त्या ब्लाउज शिवायच्या, त्यांचं मशिन त्यांच्या दारातच असायचं. मांजर्लीत पाणी येतं. दर वर्षी नाही, पण जेव्हा येतं तेव्हा घाई असते. खाट उचलून पहिल्या मजल्यावर न्यायला चार माणसं लागतात, आणि चार माणसं गोळा करायला अर्धा तास. म्हणजे काकूंना पाण्याच्या आधी निदान अर्धा तास मिळायला हवा होता. आमच्या पानाकडून त्यांचं एवढंच मागणं होतं.

पान पावसाळ्यात उघडायचं तर एक पंचाईत होती. पाणी वाढलं की सगळं बदलापूर एकदम तेच पान उघडणार आणि आमचा सर्व्हर मान टाकणार. त्याला उपाय म्हणजे सीडीएन. मी काकूंना समजावून सांगितलं, "काकू, आपलं पान एका ठिकाणी असतं. या कंपन्या त्याच्या प्रती जागोजागी ठेवतात. दूध डेअरीवरून आणण्याऐवजी नाक्यावरच्या बूथवरून घ्यायचं, तसं."

काकूंनी विचारलं, "आणि बूथवरचं दूध कालचं असलं तर?"

मी हसलो. काय चिकित्सक बाई आहे, असं मनात म्हणालोही. प्रश्न काय होता ते कळायला मला पुढे पावसाळा लागला.

दोन कंपन्यांपैकी एक निवडायची होती. महागडीचा माणूस स्वतः आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पातळ लॅपटॉप. त्याने भिंतीवर जगाचा नकाशा दाखवला. नकाशाभर हिरवे ठिपके. सेठ खुर्चीत पुढे सरकले. काकू चष्मा लावून भिंतीजवळ गेल्या आणि बोट फिरवायला लागल्या.

"यात बदलापूर कुठाय?"

"मॅम, मुंबई है ना. वही से जाएगा."

"मुंबईला पाणी भरतं ते वेगळं. आमच्याकडे भरतं ते वेगळं. फोटो किती वेळात बदलतो?"

"मॅम, हमारा नेटवर्क वर्ल्ड क्लास है."

"असंल. फोटो किती वेळात बदलतो?"

तो माणूस गोड हसला आणि पुढच्या चित्रावर गेला. त्यात आणखी ठिपके होते.

स्वस्तवाल्याचा फोन आला तेव्हा मागे रिक्षाचे हॉर्न ऐकू येत होते. त्याच्याकडे नकाशा नव्हता. काकूंनी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे दहा मिनिटं लागतात. कधी पंधरा. गर्दी झाली तर पान जरा सावकाश उघडेल, पण उघडेल."

काकूंनी फोन खाली ठेवला. "हा घ्या. हा खरं बोलतो."

"ताई, खरं बोलतो म्हणून घ्यायचं काय?" सेठ म्हणाले. "नदी का मामला है. जान का सवाल है. ब्रँड घ्या."

जन्मभर लेबलं शिवणारा माणूस लेबलाला भुलला, हे बघायला मजा आली, पण तेव्हा मी हसलो नाही. कारण मलाही ब्रँडच हवा होता. माझ्या बायोडेटात तो शोभला असता.

इथपर्यंत दोष कुणाचाच नव्हता. महागडी कंपनीही वाईट नव्हती. तिच्या सेटिंगमध्ये एक रकाना होता, त्यात किती वेळाने नवा फोटो आणायचा ते आपण लिहायचं. मिनिट लिहिलं तर मिनिटाने आणते, दिवस लिहिला तर दिवसाने. रकाना भरणारा मी होतो.

आता कबुली देतो. पान किती जलद आहे हे मोजणारी एक साइट असते; ती शंभरापैकी मार्क देते आणि नव्वदच्या वर गेलं की हिरवं वर्तुळ दाखवते. सेठांना त्या हिरव्या वर्तुळाचा फोटो फर्निचरवाल्याला पाठवायचा होता. मिनिट लिहून आमचं पान नारिंगी येत होतं. सहा तास लिहिले आणि ते हिरवंगार झालं. सेठांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला शाळेत कधी पहिला नंबर मिळाला नव्हता, तो त्या दिवशी मिळाला.

काकू शिक्का घेऊन आल्या. त्या आठवड्यात सासूबाईंना ताप होता, काकू दोन रात्री झोपल्या नव्हत्या. एरवी त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून, एकदा नदीकडे आणि एकदा फोनकडे बघत, दुपार काढली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "पान भरभर उघडतं, ते बघितलं मी. फोटो किती वेळात बदलतो रे?"

"लगेच," मी म्हणालो.

रकाना नंतर बदलू, असा माझा विचार होता. नंतर म्हणजे कधी, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि शिक्का ठोकला. न तपासता मारलेला त्यांचा तो एकच शिक्का असावा, आणि तो माझ्या शब्दावर.

घरी जाऊन त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. 'हे आमच्या ऑफिसचं पान आहे. मी बघितलेलं आहे. आता खाली-वर धावायला नको, यात बघत जा.' पाटीलबाईंनी त्यावर हात जोडलेले पाठवले.

जुलैतली एक सकाळ. बदलापुरात पाऊस उघडलेला, उल्हासनगरात तर ऊन. काकू कामावर आलेल्या. वर, जिथून नदी येते त्या कर्जतच्या बाजूला धो धो कोसळत होता, पण खाली बसून ते कुणाला दिसणार? अकराच्या सुमारास आमच्या पानावर गर्दी वाढायला लागली. सेठ खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. हजारो लोक, आणि पान पडत नव्हतं. "मक्खन," सेठ म्हणाले. "देखा? ब्रँड म्हणजे ब्रँड." महागड्या कंपनीच्या माणसाला त्यांनी अंगठा पाठवला, त्याने उलट दोन अंगठे पाठवले. सगळे चहा प्यायलो.

काकू जिन्यातून आत आल्या. फोन डोळ्यांजवळ धरलेला.

"ही म्हैस सकाळपासून हलली नाय."

फोटोत पलीकडच्या काठावर एक म्हैस होती. सेठ हसले. "ताई, म्हैस आहे. ती कशाला हलेल?"

"म्हैस नाय हलणार," काकू म्हणाल्या. "तिच्या पाठीवर कावळा हाय. मी आठ वाजता बघितला तेव्हा होता, आता अकरा वाजून गेले. कावळा तीन तास बसतो काय एका जागी?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मला रकान्यातले सहा तास आठवले.

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पाटीलबाईंना फोन लावला. जिन्याच्या दारात फोन स्पीकरवर ठेवून उभ्या होत्या, त्यामुळे पलीकडचं बोलणंही आम्हाला ऐकू येत होतं.

"पाटीलबाई, नदी बघा जरा."

"बघितली की. आत्ताच बघितली तुमच्या पानावर. चार पायऱ्या उघड्या दिसतायत. मी काजं करायला बसले."

"पान बंद करा. खिडकी उघडा."

खिडकीचा आवाज आला. मग पाटीलबाई अगदी हळू म्हणाल्या, "अगं बाई, गेटातून आत आलंय."

"खाट," काकू म्हणाल्या. "आधी खाट. कोण हाय तिथं? जिन्यात जाऊन हाका मारा. मशिन राहू दे, आधी आईंना उचला."

तोवर मी रकान्यातले सहा तास खोडून एक मिनिट लिहिलं होतं. बारा सेकंदांचं काम. पानावर नवा फोटो आला. त्यात पायऱ्या नव्हत्या, काठ नव्हता, म्हैसही नव्हती. सगळं तपकिरी. वर सोफ्याची जाहिरात.

सासूबाई वाचल्या. पाटीलबाईंनी हाका मारून वरच्या दोन पोरांना आणि वॉचमनला बोलावलं, चौथा पाय स्वतः धरला आणि खाट वर नेली. खाट ठेवून वॉचमन खाली उतरला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं. पाटीलबाईंचं शिलाई मशिन मात्र खालीच राहिलं, मोटारीसकट, लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाउज तसेच त्याच्यावर. गल्लीतल्या स्कूटरी बुडाल्या, तळमजल्यावरचे फ्रिज तरंगले. कारण सगळे जण आमचं पान बघत शांत बसले होते. ते इतकं झटकन उघडत होतं, की त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

काकू चार दिवस आल्या नाहीत. त्या चार दिवसांत सेठांनी गर्दीच्या आलेखाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. महागड्या कंपनीने केक पाठवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की संपूर्ण पुरात तुमचं पान एक सेकंदही बंद पडलं नाही. हे खरंच होतं. मी केक खाल्ला नाही, एवढंच माझं शौर्य.

पाचव्या दिवशी काकू आल्या. हाताच्या नखांत चिखल. त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"किती लिहिलेलं?"

"सहा तास."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हापण सहाच. मार्क कमी येत होते काकू."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं." मग फाइल काढली, नदीच्या पानाचा कागद शोधला आणि शिक्क्यावर पेनाने दोन आडव्या रेघा मारल्या. "पाटीलबाई मला काय बोलली नाय," त्या म्हणाल्या. "मशिन पुसत बसलीय. मीच सांगितलेलं ना तिला, पान बघ म्हणून. तिने कंपनीवर विश्वास नव्हता ठेवला. माझ्यावर ठेवलेला."

महिनाअखेर काकूंनी नोकरी सोडली. सेठांनी खूप समजावलं, पगार वाढवतो म्हणाले, शिक्क्यासाठी नवीन शाईची डबीही मागवली. काकूंनी डबी ठेवून घेतली आणि नोकरी सोडली. त्यांच्यानंतर जिन्यात जाऊन कुणी काही बघेना. मला तो जिना उतरताना मान वर करवत नव्हती. वर्षभरात मीही तिथून निघालो.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मी मांजर्लीला गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. काकू घरी नव्हत्या. पाटीलबाईंनी खिडकीतून सांगितलं, "नदीवर असतील. पावसाचे दिवस म्हणजे त्यांची ड्यूटीच."

काकू पायऱ्यांवर छत्री घेऊन उभ्या होत्या. प्लास्टिकची पिशवी, रुमाल, तोच तडकलेला फोन. मला बघून म्हणाल्या, "आलास? थांब जरा." आणि फोन तोंडाजवळ धरून बोलल्या, "अकरा वाजून वीस मिनिटं. तिसरी पायरी. मी स्वतः उभी हाय. सतरा."

मग फोन खाली केला. "ग्रुपवर जातं. सगळ्यांकडे पोचतं. गोल फिरत नाय."

सासूबाई हिवाळ्यात गेल्या, अंथरुणावर, शांतपणे, असं त्यांनी सांगितलं. इमारत पाडून नवीन बांधणार होते. दिवाळीनंतर काकू भावाकडे मुरबाडच्या बाजूला जाणार होत्या. मी पाठ केलेलं बोलायला लागलो. "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला लगेच म्हणालो..."

"म्हणालास," काकू म्हणाल्या. "आता सांग, पाणी कुठल्या पायरीवर हाय?"

"तिसऱ्या."

"खाली बघून सांग. मी म्हणाले म्हणून तिसऱ्या म्हणू नको."

मी पायऱ्या उतरून खाली गेलो, वाकून बघितलं. पाणी तिसऱ्या पायरीच्या कडेला लागत होतं, एखादी लाट वर येत होती. तसं सांगितलं. त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी म्हणालो, "तिसरी पायरी. कधी कधी वर येतंय."

"वेळ?"

मी पुन्हा बोललो. अकरा वाजून पस्तीस मिनिटं. तिसरी पायरी, कधी कधी वर. मी स्वतः उभा आहे. नंबर काय सांगावा ते मला सुचेना, म्हणून नाव सांगितलं.

वरून खिडकीतून पाटीलबाईंनी विचारलं, "हा आवाज कुणाचा हो नवीन?" त्याआधी तिथून शिलाई मशिनचा आवाज येत होता. कुठून तरी जुनं आणलं असावं.

"आमच्या ऑफिसातला पोरगा," काकू ओरडून म्हणाल्या. "चांगला हाय. फक्त मार्कांच्या मागे लागतो."

मग त्यांनी तो तडकलेला फोन रुमालासकट माझ्या हातात दिला आणि छत्रीही दिली. "बाराचं तू सांग. माझ्या भाकऱ्या राहिल्यात." आणि मागे वळून न बघता पायऱ्या चढून गेल्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवून निघालो, ती शेवटची भेट. दिवाळीनंतर फोन लागला नाही, मुरबाडचा पत्ता मी विचारलाच नव्हता.

पण बारा वाजेपर्यंतच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांचं सांगतो. मला खिशातला माझा चांगला फोन काढून वेळ घालवता आला असता. नाही काढला. पलीकडच्या काठावर म्हैस होती आणि तिच्या पाठीवर कावळा होता. मी पायरीवर उभा राहून त्याच्याकडे बघत राहिलो. तो उडाला, मग मी खाली वाकून पाणी बघितलं, घड्याळ बघितलं आणि बोलायला सुरुवात केली.